रचनाचा ब्रेकचा दिवस

रचना खरातला कामावरून काढलं, असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. ज्यांनी काढलं त्यांच्या कागदावर ती धड कामावर नव्हतीच. पाच वर्षं एकाच खुर्चीत बसली, एकाच कपाटाची किल्ली पर्समध्ये बाळगली, तरी बाई नोकरीत नाही. हे मी त्या साहेबाच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्याच्या टेबलावरचा पेपरवेट माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही. मी प्राध्यापक आहे, आमच्यात फार तर निषेधाचा ठराव मांडतात.

मी शीला. कल्याणच्या एका कॉलेजात एमएसडब्ल्यूच्या वर्गाला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाला, बावीस वर्षं शिकवते आहे. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. रचना माझी विद्यार्थिनी. शहाडला चाळीत घर, वडील कुंडलिक तिथल्याच एका कारखान्यात होते, आई केशरबाई घरी शिवणकाम करायची. प्रवेशाच्या मुलाखतीत मी सगळ्यांना विचारते तेच तिला विचारलं, समाजकार्यच का? तिच्या आधीच्या सहा मुलांनी समाजाचं ऋण फेडायचं ठरवलं होतं. ही म्हणाली, "आमच्या चाळीत कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की मलाच उठवतात. फॉर्म भरता येतो ना मला. मग म्हटलं, नीट शिकूनच घेऊ."

मी तिच्या नावापुढे तिथल्या तिथे बरोबरची खूण केली.

आमच्या कोर्सला आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं. मुलांनी वस्तीत, शाळेत, दवाखान्यात जायचं, लोकांना भेटायचं आणि जे झालं ते लिहून आणायचं. माझा नियम एकच: नोंद ज्या दिवशीची त्याच दिवशी लिहायची, आणि तारीख खरी टाकायची. मुलं काय करतात ते मला ठाऊक आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका बैठकीत आठ नोंदी, एकाच पेनाने, मधे चहाचा एक डाग. रचनाने मात्र एकदा असं लिहून आणलं होतं: "आज गृहभेट झाली नाही. दार उघडलं नाही. अर्धा तास थांबले. शेजारणीने पाणी दिलं." बस, एवढंच. मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि पोरांनी तिचं नाव पंचनामा ठेवलं. दोन वर्षं तिला त्याच नावाने हाका मारल्या. ती ओ द्यायची.

माझा दुसरा नियम तिने कधीच पाळला नाही. आपला मोबाइल नंबर लोकांना द्यायचा नाही, हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते. रचना चिठ्ठ्या करून वाटायची.

आता आमच्याकडून पास झालेल्यांचं पुढे काय होतं ते सांगते, कारण दरवर्षी त्याचा तक्ता मलाच करावा लागतो. कॉलेजची तपासणी करायला समिती येते, तिला जुन्या बॅचसकट आकडा लागतो. किती पास झाले, किती नोकरीला लागले. आमचे प्राचार्य रवींद्र सर हा तक्ता स्वतः पेन्सिल घेऊन तपासतात. रचनाच्या बॅचला तीस जण होते. सुमित बाळकुमला एका बिल्डरकडे आहे. जुन्या घरांतल्या लोकांकडून पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सह्या आणतो. वस्तीत कसं शिरायचं, म्हाताऱ्यांचा विश्वास कसा मिळवायचा, हे आम्हीच शिकवलेलं. तक्त्यात तो "समुदाय विकास". पायल घोडबंदर रोडला कॉल सेंटरमध्ये बसते आणि रात्रपाळी करून सकाळी ट्रॅफिकमध्ये झोपते. ती "समुपदेशन". सिद्धेश डोंबिवलीत आठवीपर्यंतचे क्लास घेतो, तो "शिक्षण क्षेत्र". लग्न होऊन घरी बसलेल्या सात जणींपुढे सरांनी "स्वयंसेवी कार्य" लिहायला लावलं. मी लिहिलं. खोटं नव्हतं, घरचं काम फुकटच असतं. असा तो तक्ता. समितीतल्या एका गृहस्थांनी पाहून मान डोलावली आणि जिलेबी घेतली.

तीस जणांत जे शिकवलं तेच काम करणारी एकच, रचना. ठाण्यातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक. आमच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो होता. मीच छापायला दिला होता आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

तिथे समाजसेवकांच्या तीन मंजूर जागा. दोन कित्येक वर्षं रिकाम्या, तिसऱ्यावर रचना, तीही एका एजन्सीमार्फत. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. मधे तो एक दिवस घातला की नोकरी सलग राहत नाही, आणि सलग नाही म्हणजे कायम करा म्हणायचा हक्क नाही. अख्ख्या व्यवस्थेची अक्कल त्या एका दिवसात भरलेली आहे. बाकी शहाणपण कुठे दिसत नाही, इथे मात्र एक दिवस इकडचा तिकडे होत नाही.

रचना तिथे काय करायची? बेवारस आणलेल्या माणसाचं घर शोधायची. टीबीच्या गोळ्या मधेच सोडणाऱ्याच्या दारात जाऊन बसायची. ज्यांच्याकडे ऑपरेशनच्या सामानाला पैसे नाहीत त्यांच्यासाठी गरीब रुग्ण निधीचे कागद करायची. त्या निधीला तिचा गृहभेट अहवाल लागायचा. घर पाहिलं, माणसं अशी अशी आहेत, मदत द्यावी, खाली सही आणि तारीख. निधीची बैठक महिन्यातून दोनदा, गुरुवारी चार वाजता. बैठक चुकली की पंधरा दिवस गेले.

तिचा पाचवा ब्रेक नेमका गुरुवारी आला.

ब्रेकच्या दिवशी कंत्राटी मंडळी काय करतात? तिथल्या कंत्राटी नर्सेस म्हणतात, आज आमचं वर्षश्राद्ध. कोणी केस कापून येतं, कोणी बँकेची कामं उरकतं. रचनाने आईला डोळे तपासायला न्यायचं ठरवलं होतं. सकाळी साडेनऊला फोन आला. रंगूबाई नावाची बाई. तिचा नवरा दौलत बाळकुमच्या एका टॉवरवर प्लास्टर करताना पडला, मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घालायचा होता आणि रॉड बाहेरून आणायचा होता. चिठ्ठीवरचा नंबर रंगूबाईने पदराच्या गाठीत ठेवला होता.

"ताई, तुमच्या खोलीला कुलूप हाय," रंगूबाई म्हणाली. "डाक्टर म्हनत्यात आज कागद झाला तर उद्या आपरेशन. न्हाईतर पंधरा दिस असंच पडून."

रचनाने कार्यालयात फोन लावला. दुसरं कोणी अहवाल करेल का? दुसरं कोण आहे, तिकडून उत्तर आलं, आणि तुम्ही आज यायचं नाही. मग ती गेली. आईला म्हणाली, आपण शनिवारी जाऊ. आधी बाळकुमला, टॉवरच्या मागे मजुरांची पत्र्याची घरं आहेत तिथे. दौलतचं घर पाहिलं, मुकादमाला भेटली. तिथून हॉस्पिटलला. शिपायाने खोली उघडून दिली, कपाटाची किल्ली होतीच. अहवाल लिहिला, सही केली, आणि खाली त्या गुरुवारची तारीख टाकली.

हीच ती चूक. दुसऱ्या कोणीही आदल्या दिवसाची तारीख घातली असती. चहा पिता पिता घातली असती आणि विसरूनही गेला असता. तिथल्या शिपायाने तसं सुचवलंही होतं. तिने मला नंतर सांगितलं, "मॅडम, काल मी ते घर बघितलंच नव्हतं. मग कालची कशी टाकू?" तिला यात काही मोठं केलं असं वाटतच नव्हतं. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना, कारण हे खूळ तिच्या डोक्यात मीच घातलेलं.

चारच्या बैठकीत मदत मंजूर झाली. शुक्रवारी दौलतच्या मांडीत रॉड बसला. त्याच शुक्रवारी रचनाचा नवा करार सुरू झाला. सगळं सुरळीत.

महिन्याभराने लेखापरीक्षण आलं आणि शेरा पडला: अहवालावर सही करणारी व्यक्ती सदर दिनांकास सेवेत नव्हती. दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या माणसाने रचनाला फोन करून सांगितलं की खुलासा होईपर्यंत येऊ नका. हजेरीचं मशीन तिचं बोट ओळखेना. माणसाला काढायला महिने लागतात म्हणतात. बोटाला दोन तास लागले.

ती माझ्याकडे आली आणि मी तिच्यासोबत तिथे गेले. प्रशासकीय अधिकारी सभ्य होता, याचाच जास्त राग येतो. आम्हाला बसवलं, चहा मागवला.

"हे बघा मॅडम, मुलगी चांगली आहे, कोण नाही म्हणतं?" तो मला म्हणाला. "आपण मार्ग काढू. मी पत्र टाइप करून ठेवलंय. यांनी फक्त सही करायची."

पत्रात लिहिलं होतं की अहवाल मी शुक्रवारी, नव्या कराराच्या पहिल्या दिवशी लिहिला आणि नजरचुकीने गुरुवारची तारीख पडली. ताकीद मिळेल आणि सोमवारपासून कामावर.

मी म्हटलं, "ती गुरुवारी इथे होती. वॉर्डातल्या सगळ्यांनी पाहिलंय. तसं लिहून घ्या ना."

"तसं कसं लिहू?" तो हसला. "त्या दिवशी त्या कामावर होत्या असं आम्ही मान्य केलं तर ब्रेक कुठे राहिला? सेवा सलग झाली. उद्या या कोर्टात गेल्या तर मला कोण वाचवणार? त्या दिवशी त्या नव्हत्याच. त्यातच सगळ्यांचं भलं आहे."

पेपरवेटचा किस्सा इथला.

आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं. मी रचनाला म्हटलं, "कर सही." मी म्हटलं. बावीस वर्षं मुलांकडून खऱ्या तारखा लिहून घेणारी मी. मला तिचं घर दिसत होतं, तिच्या वडिलांचं, कुंडलिकरावांचं, वर्षभर चाललेलं आजारपण दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माहितीपत्रकावरचा फोटोही दिसत होता. "एका तारखेने काय होतं? कर आणि मोकळी हो."

रचनाने पत्र दोनदा वाचलं. मग साहेबाला विचारलं, "सर, अहवाल शुक्रवारचा म्हटला, तर गुरुवारची मंजुरी अहवालाशिवाय झाली असं होईल ना?"

"हो, तांत्रिकदृष्ट्या."

"मग मंजुरी रद्द?"

"ते आम्ही बघू."

"मग रॉडचं बिल रंगूबाईंना जाईल."

 साहेब चहाच्या कपाकडे बघायला लागला. म्हणजे त्याला ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

"दौलत अजून उठला नाहीये सर. तिला बिल गेलं तर ती त्याला तसाच उचलून गावी नेईल. मी घर बघितलंय त्यांचं." रचनाने पत्र परत त्याच्याकडे सरकवलं. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "मॅडम, एक कोरा कागद द्या."

तिने तिथेच लिहिलं. सदर गुरुवारी मी सकाळी बाळकुम येथे गृहभेट केली, दुपारी रुग्णालयात उपस्थित राहून अहवाल लिहिला, सही माझी आहे, तारीख बरोबर आहे. चार ओळी. साहेब म्हणाला, "असं देऊ नका, मी पुढे काही करू शकणार नाही." ती खाली आवक-जावकच्या खिडकीशी गेली. तिथला क्लार्क घेईना. वरून फोन आला असणार. ती बाजूला उभी राहिली, लोकांना वाट देत. जेवणाची सुट्टी झाली, संपली. साडेतीनला क्लार्कच कंटाळला आणि त्याने शिक्का मारला. आवक क्रमांक पडला. तिने पोच घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि कपाटाची किल्ली त्याच खिडकीत देऊन टाकली. किल्लीची पोच मात्र त्याने लगेच दिली.

त्या कागदामुळे दौलतला बिल गेलं नाही. गुरुवार खरा ठरवावा तर ब्रेक मोडतो, खोटा ठरवावा तर फाइलमध्ये शिक्क्यासकट चार ओळी बसल्या आहेत. म्हणून कोणी काहीच ठरवत नाही. दौलत आता काठी घेऊन चालतो. रचनाचा करार मात्र पुढे चालला नाही. ती कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, नमुन्याच्या बाटल्यांवर नाव-वय लिहिते. सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आरोग्य क्षेत्रातच आहे ना? मग राहू द्या तक्त्यात."

राहू द्या म्हणाले. मी राहू दिलं.

पुढच्याच महिन्यात त्या एजन्सीचं पत्र कॉलेजला आलं. समाजसेवकाची एक जागा भरायची आहे, आपल्याकडचा होतकरू उमेदवार पाठवावा. सरांनी स्टाफरूममध्ये येऊन ते मोठ्याने वाचलं. आमच्या यंदाच्या बॅचची रुचिता पाठवली गेली आणि लागलीसुद्धा. तक्त्यात तिच्या नावापुढे बरोबरची खूण झाली. रचनाची खूण होतीच. एका खुर्चीवर आम्ही दोन मुली बसवल्या, आणि टक्केवारी वाढली म्हणून सरांनी सगळ्यांना वडापाव आणला. मी खाल्ला नाही. एवढाच माझा निषेध.

रचनाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, मग तिला फायली कोण दाखवणार? कुठली कुठे आहे ते मलाच माहितीये." लॅबच्या सुट्टीच्या दिवशी ती स्वतःच्या खर्चाने कॉलेजात आली. आम्ही तिघी कँटीनमध्ये बसलो. रुचिता पेढे घेऊन आलेली, नवी वही, नवं पेन. रचनाने तिला दोन तास शिकवलं. टीबीचे सतरा जण, त्यातले कोण गोळ्या लपवतात. कुठल्या वॉर्डातली सिस्टर मनापासून मदत करते. वरच्या बेवारस वॉर्डात एक आजोबा आहेत, ते फक्त भंडाऱ्याचं नाव घेतात, तिकडच्या पोलीस ठाण्यात पत्र पाठवलंय, त्याच्या मागे लाग. रुचिता भराभर लिहीत होती. रचनाच्या जागी ती कशी आली, तेही तिला माहीत होतं. पोर मूर्ख नाही.

शेवटी तिने पेन थांबवून विचारलं, "ताई, माझ्या ब्रेकच्या दिवशी कोणाचा फोन आला तर काय करू?"

रचना माझ्याकडे बघत राहिली. उत्तर द्यायचा मान मॅडमचा, म्हणून असेल. रुचिताही बघायला लागली. माझ्या अंगात जेवढा राग साठला होता तेवढा सगळा त्या एका वाक्यात उतरला.

"घरी बसायचं," मी म्हटलं. "फोन उचलायचा नाही. कोणी मेलं तरी उचलायचा नाही. कळलं?"

रुचिताने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. 'ब्रेक - घरी बसणे. फोन उचलू नये. - मॅडम.' मी शिकवलेलं मुलं असंच लिहून घेतात.

रचनाने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"मॅडम रागात आहेत गं," ती म्हणाली. "हे नको लिहूस. फोन उचलायचा. आणि जायच्या आधी मला फोन कर. मी पण येते, आपण दोघी जाऊ."

मग तिने वहीच्या मागच्या पानावर आपला नंबर लिहून दिला. मला कोणी काही विचारलं नाही. मी समोरचा पेढा उचलला आणि तो गिळताना मला माझीच इतकी चीड आली की पाण्याचा अख्खा ग्लास प्यावा लागला.